नाटकातला फौजदार आणि नंदाची सही

आयुष्यात मी पोलिसांकडे एकदाच तक्रार केली, आणि ती एका नटाकडे.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. बावीस वर्षांची मी म्हणजे काय चीज होती, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं खोटं वाटणार नाही. मॅट्रिक पास. लग्न होऊन जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरात आलेली. घरात नळ, डोक्यावर विजेचा दिवा, त्यामुळे ज्यांच्या घरी विहीर आणि कंदील त्या सगळ्यांना शहाणं करायची जबाबदारी आपली, असं मला मनापासून वाटायचं. मनगटावर घड्याळ होतं. ते बंद होतं, पण मी वेळ विचारणाऱ्याला अंदाजाने सांगायची. आणि काळा चष्मा होता. तो मी ऊन उतरल्यावरही काढत नसे.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात, दंडारीचा लोकनाच होतो, रात्री नाटक होतं. माझी बालमैत्रीण जनी लाखांदूरच्या बाजूला एका गावात दिलेली. तिच्या गावच्या मंडईला मी गेले, तर तिचा डावा डोळा सुजून बंद झालेला. विहिरीवर घसरले म्हणाली. विहिरीवर घसरणाऱ्या बाईच्या गळ्यावर बोटं उमटत नाहीत, एवढं क्वार्टरातल्या बाईलाही कळतं.

तेवढ्यात मला नाटकाच्या तंबूमागे खाकी कपड्यातला एक माणूस दिसला. लाकडी खुर्चीवर बसून बिडी ओढत होता. मांडीवर दंडुका, भरघोस मिशा. मी जनीचं मनगट धरलं आणि त्याच्यापुढे नेऊन उभी केली. "साहेब, ह्या बाईची तक्रार घ्या," असं खणखणीत म्हटलं. त्याच्या कमरेचा पट्टा म्हणजे काळी रंगवलेली सुतळी होती. गालाला पावडर होती. काळ्या चष्म्यातून मला यातलं काही दिसलं नाही.

तो आधी माझ्याकडे पाहत राहिला. मग बिडी विझवून जनीला म्हणाला, "बस, बाई. कवापासून मारते नवरा?" जनीला हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा नाही. ती सांगत गेली, तो ऐकत गेला. मग उठला, कपडे नीट केले आणि म्हणाला, "घर दाखवा." जनीचा नवरा अंगणात खाटेवर पडला होता. ह्या माणसाने दंडुका खांबावर आपटून असा आवाज लावला की नवरा मागच्या दाराने निघाला तो थेट बहिणीच्या गावी पोचला.

रात्री मी पहिल्या रांगेत ऐटीत बसले होते. पडदा वर गेला आणि फौजदाराच्या वेशात तोच माणूस आला. तोच दंडुका, तोच आवाज, तीच वाक्यं. मिशीचं एक टोक सुटून लोंबत होतं. जनीने माझा हात असा दाबला की बांगडी फुटली.

जनीच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी ते गुपित पोटात ठेवलं. नवऱ्याला कोणीच सांगितलं नाही, आणि बरीच वर्षं जनीवर त्याचा हात उठला नाही. मी मात्र ही गोष्ट क्वार्टरातल्या बायकांना हसून हसून सांगायची, आणि दर वेळी त्यात माझी हुशारी थोडी वाढायची.

जवाहरनगर ते पवनी

यंदा मंडईच्या दिवसांतच जनीचा फोन आला. नवरा जाऊन तिला आता बरीच वर्षं झाली. मुलगी नंदा तिच्याजवळच राहते, जावई हैदराबादला बांधकामावर असतो. जनी फोनवर नेहमी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. या वेळी केली नाही.

"नंदीले पोलिसानं मारलं वो," ती म्हणाली. "सोमवारी वरचे साहेब चौकशीले लाखांदूरले येऊन राहिले. जबाब द्याचा हाये. नंदी म्हणते, मी जाईन. तू ये."

कोणत्या ठाण्यात मारलं ते मी लिहीत नाही. नंदाने लिहू नको म्हटलं आहे, आणि तिथे राहायचं तिला आहे, मला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी नात तिच्या मोबाईलवर काही दाखवत होती. कुठल्याशा देशातल्या रस्त्यावर शिरस्त्राण घातलेले पोलीस एका मुलीला ओढत नेत होते. तिने बोटाने ते वर सरकवलं, दुसरा देश आला. तिथे बर्फ पडत होतं आणि बाई माझ्या वयाची होती. अजून एक सरकवलं, तर आपल्याकडलंच कुठलंसं शहर. भाषा वेगळ्या, टोप्या वेगळ्या. वेणी धरायची पद्धत मात्र सगळीकडे तीच: मनगटाला एक वळसा देऊन, मुळाशी. मी म्हटलं, बंद कर. नात म्हणाली, "आजी, तू बंद केलं तरी ते चालूच आहे."

सुनेने डबा दिला, मुलाने भंडाऱ्याच्या स्टँडवर सोडलं. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे एसटी मला फुकट आहे. कंडक्टरने आधार कार्ड मागितलं, म्हणजे माझं वय त्याला पटलं नव्हतं, असा अर्थ मी लावला आणि अड्याळपर्यंत खुशीत होते. पवनीला गाडी बदलायची होती. मी उतरून रसवंतीपर्यंत पोचले, तर मागून कंडक्टर ओरडत पळत आला, "आजी! दात! दात राहिले!" डब्यातला चिवडा खाल्ल्यावर कवळी रुमालात बांधून सीटवर ठेवली होती. अख्ख्या स्टँडने वळून पाहिलं. वय पटलं असावं त्याला.

लाखांदूरच्या बाजूला पाहण्यासारखं काय आहे, असं लोक विचारतात. किल्ला नाही, थंड हवा नाही. वैनगंगेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना धान, आणि धानामागे धान. मी गेले तेव्हा अर्धी शेतं कापून झाली होती. कापलेल्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, लाखोळीच्या डाळीचे कोंब हिरवे दिसत होते. धान उभं असतानाच ती त्याच्या पायाशी पेरतात, म्हणजे जमिनीला उसंत म्हणून नाही. जिथे कापणी चालू होती तिथे बायकांची रांग वाकलेली. खिडकीतून फक्त पाठी दिसतात. नंदा अशाच एका रांगेची म्होरकी. पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, दिवाळीला कापणी. कोणत्या मालकाकडे जायचं, किती मजुरी घ्यायची, ते तीच बोलते आणि बायका तिच्यामागे जातात. मी प्रत्येक रांगेत तिला शोधत होते. ती तिथे नसणार हे माहीत असूनही.

जनीचं अंगण

विहारामागे जनीचं घर. अंगण शेणाने सारवलेलं, कोपऱ्यात चुरायला, म्हणजे मळणीला, आणलेले धानाचे भारे. नंदा दारात उभी होती. उंच, रापलेली, चाळिशी ओलांडलेली बाई. तिने हसून माझी पिशवी घेतली, डाव्या हाताने. उजवा हात पदराखाली होता.

जेवायला नवा भात, लाखोळीची डाळ, आणि माझ्यासाठी मुद्दाम झिंग्यांची चटणी. क्वार्टरात झिंगे भाजले की शेजारी खिडक्या लावतात; इथे वास गेला की शेजारीण वाटी घेऊन येते. मी तीनदा भात घेतला. मग माझं लक्ष नंदाच्या ताटाकडे गेलं. ती डाव्या हाताने जेवत होती. आपल्याकडे लहान पोराने डावा हात ताटात घातला तर आई चापट मारते. जनी लेकीच्या ताटाकडे बघतच नव्हती. वाढतानाही मान वळवून वाढत होती.

जेवण झाल्यावर नंदाने हात पदराबाहेर काढला. तळवा काळानिळा, फुगलेला. दोन बोटं मिटतच नव्हती.

"पट्टा," ती म्हणाली. "तळपायावर बी मारला, पण पायाचं काही नाही वाटलं. आमचे पाय चिखलानं आधीच मेलेले हायेत. हातानं मात्र विळा धरता येत नाही."

झालं ते असं. नंदाच्या रांगेत वनिता नावाची तरुण बाई आहे. तिच्या नवऱ्याने तिला उंबरठ्यावर आपटलं. नंदा तिला घेऊन ठाण्यात गेली. नवऱ्याचा मामा त्या ठाण्यात उठबस असलेला माणूस. वनिताला बाहेर बाकावर बसवलं आणि नंदाला आत बोलावलं.

"मी म्हटलं, साहेब, तक्रार हिची हाये, माही नाही. तो म्हणे, मंग तू काहून आली? बायकांची पुढारी हायेस? मी म्हटलं, रोवण्याच्या बायकांची हाये. मले खरंच वाटलं का तो इचारून राहिला." ती थोडी हसली. "मंग त्यानं दार लावलं. बाईमाणूस कोणीच नव्हतं आत. म्हणे, हात पुढं कर. शाळेत करतो ना, तसा. अन् मी केला, मावशी. त्याचाच राग येते मले. मी हात पुढं केला."

वनिता बाहेर बाकावर बसून ऐकत होती. दिवेलागणीला दोघींना सोडलं. वनिता नवऱ्याच्या मामाच्या मोटारसायकलवर बसून घरी गेली, आणि नंदा पायी.

मी विचारलं, "ठाण्यात जायचं तुला सुचलं कसं, बाई?"

नंदाने आईकडे पाहिलं. "आईनं लहानपणापासून सांगतलं ना. मंडईत पोलिसानं तिचं समदं ऐकलं होतं. तूच तर नेलं होतं तिले."

जनी झटकन उठली आणि चुलीकडे गेली. मी मागे गेले, तर ती राख उगाच इकडची तिकडे करत होती.

"तू तिला सांगितलंच नाही? तो नाटकातला होता म्हणून?"

"काय सांगू? पोरीले झोपवाले गोष्ट लागत होती," जनी पुटपुटली. "लोकांच्या पोरीले राजाची गोष्ट सांगत, मी ही सांगतली. तिच्या बापाचा आवाज चढला का ती म्हणे, आई, पोलीसदादा येईल ना? मी म्हणो, येईल." मग माझा पदर धरून म्हणाली, "सोमवार होऊ दे, कुसुम. आता तिले सांगशील तं ती जबाबाले उभीच राहणार नाही. सोमवार झाला का सांग. तूच सांग, मायाच्यानं होत नाही."

इतकी वर्षं मी ज्या गोष्टीवर टाळ्या घेतल्या, ती गोष्ट इकडे ह्या घरात वाढून मोठी झाली होती आणि पोरीला हाताला धरून ठाण्यात घेऊन गेली होती. तो चष्मा मी कधीच हरवला, पण त्या रात्री वाटलं अजून नाकावरच आहे.

रविवार, तलावाची पाळ

सकाळी मी तलावावर गेले. पाळीवर मोहाची झाडं, पाण्यात शिंगाड्याचे वेल, काठाशी बगळे. हे मी सुखाने वर्णन केलं असतं, पण काठावर एक बाई धुणं धूत होती आणि मला पाहून तिने पदर कपाळावर ओढला. मी बाजूच्या दगडावर बसले. म्हातारीने बसण्याला कोणी हरकत घेत नाही, हा म्हातारपणाचा मोठा फायदा आहे.

"तुम्ही नंदाताईकडच्या ना?" तिने धुणं आपटतच विचारलं. "त्याईले सांगा, उद्या माया नाव नोका घेऊ."

ही वनिता. पदराखालून ओठाची खपली दिसत होती.

"तुझ्यासाठीच मार खाल्ला ना तिने?"

"मले का मालूम नाही?" तिने कपडा पिळला. "मी बाकावरच होती. मोजत होती मी. मले वाटलं, आता ही माया नाव सांगन, म्हणन हिनंच आणलं मले. नाही सांगतलं त्याईनं." थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या मी आली तं परवा मले घरात घेणार नाहीत. नंदाताईले आई हाये. मले कोण हाये, सांगा."

क्वार्टरात कोणाच्या घरी मारहाण सुरू झाली की आम्ही शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचो. खेड्यात लोक अंगणात येऊन उभे राहतात, बघतात, आणि घरी जातात. यात कोणती रीत बरी, ते वनिताला विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती बादली उचलून गेली. ओले कपडे तसेच, न वाळवता.

परतताना मंडईच्या मैदानात गेले. पाळणा उभा राहत होता, जिलेबीच्या कढया मांडत होते. एका खुर्चीवर एक म्हातारा शाल पांघरून ऊन घेत बसला होता. दुकानदार पोरं त्याला "राम राम, फौजदार" म्हणत होती. मी थबकले. मिशा नव्हत्याच, त्या तर चिकटवलेल्या. पण आवाज तोच. मी समोर उभी राहून म्हटलं, "साहेब, एका बाईची तक्रार घ्याल का?"

तो डोळे बारीक करून पाहत राहिला. मग खदखदून हसला. "चष्मेवाली! अरे बापा! मले तवा वाटलं, दुसऱ्या कंपनीची हिरॉईन हाये, तालीम करून राहिली."

लेक ह्याच गावात दिल्यामुळे म्हातारपणी तो इथे आला होता. आम्ही दोघं हसलो. मी भजी मागवली, कवळी लावून खाल्ली. मग विचारलं, "तुम्ही तेव्हा उठून गेलात का जनीच्या घरी? तुमचं काय काम होतं?"

"अंगावर वर्दी होती ना," तो म्हणाला. "वर्दी घातली का माणसाचा आवाजच बदलते. मले पाठ होते तेच डायलॉग म्हटले. दुसरं काय येत होतं मले?"

"पण ऐकून घेतलंत. बस म्हणालात तिला."

त्याने शाल नीट केली.

"तुमाले खरं सांगू का बाई? त्या साली माही बायको घरी मार खात होती. माह्याच हातचा. नाटक झालं का वर्दी कंपनीले वापस द्याची राहे. ती उतरली का मी बी तसाच, जनीच्या नवऱ्यासारखा. ती मरून गेली, माही बायको. तिनं ते नाटक पायलं होतं. घरी आल्यावर म्हणे, वर्दी घरी आणत जा ना जी."

भजी थंड झाली. मी निघाले तेव्हा तो उठून उभा राहिला आणि सवयीने मला सॅल्यूट ठोकला. मग स्वतःच लाजून हात खाली घेतला.

सोमवार, लाखांदूर

सकाळच्या एसटीने आम्ही तिघी निघालो. फाट्यावर धानाचा एक मोठा मालक उभा होता. तो नंदाला म्हणाला, "बाई, कापणीचे दिवस हायेत. साहेब लोकांशी वाकडं घेतलं तं तुया बायकांले कोण बोलावणार? तो पोलीसवाला माफी मागाले तयार हाये, घरात बसून. इचार कर." तो वाईट माणूस नसावा. काळजीच्याच आवाजात बोलत होता, आणि भीती घालायला तोच आवाज सगळ्यात चांगला.

गाडीत खिडकीशी बसून नंदा रस्त्यालगतच्या रांगांकडे पाहत होती. एका बांधीत तिच्याच बायका कापत होत्या. एकीने विळा वर करून हलवला, बाकीच्यांनी मान वर केली नाही.

साहेब विश्रामगृहात बसले होते. तरुण, चष्मा लावलेले, बोलायला सभ्य. नंदाला खुर्ची दिली. माझ्याकडे पाहून विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, "म्हातारी." ते हसले नाहीत, पण बसू दिलं. जबाब लिहायला एक महिला शिपाई होती, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली, नंदापेक्षा बरीच लहान.

नंदा सांगत गेली. एकदाही रडली नाही. दार कोणी लावलं, पट्टा कुठे टांगला होता, तो काय म्हणाला. वनिताचं नाव मात्र घेतलं नाही. साहेबांनी दोनदा विचारलं, "तुम्ही ज्यांच्यासोबत गेलात त्या बाई कुठे आहेत? त्यांचा जबाब झाला तर केसला बळ येईल." नंदा म्हणाली, "त्या बाईचं तिले इचारा, साहेब. मी माया हाताचं सांगाले आली." मी खाली मान घातली. तलावावरचा निरोप तिला मी दिलाच नव्हता, देववला नव्हता.

एकदा त्या शिपाई मुलीची लेखणी थांबली. नंदा सांगत होती की मी हात पुढे केला. मुलीने नंदाच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, आणि पुन्हा लिहू लागली.

शेवटी कागद नंदापुढे सरकवला. तिने पेन धरलं आणि ते गळून पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. साहेब म्हणाले, "राहू द्या बाई, अंगठा चालेल." मुलीने शाईचा पॅड उघडला.

"नाही साहेब," नंदा म्हणाली. "सही येते मले."

सातवी शिकलेली नंदा. पेन तिने अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे अडकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि नावाचं पहिलं अक्षर काढायला घेतलं. जनी तोंडात पदर घालून उभी. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग पाहायचं थांबवलं. अक्षरं वाकडी झाली, शेवटचा काना देताना कागद फाटला. पण नाव, बापाचं नाव आणि आडनाव, सगळं लिहूनच ती थांबली.

हे लिहीपर्यंत त्या जबाबाचं काय झालं, विचाराल तर काही नाही. ज्याने मारलं त्याची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली आहे. तिथेही बायका असतीलच. चौकशी चालू आहे असं सांगतात. नंदाची दोन बोटं अजून मिटत नाहीत. यंदाची कापणी तिने बांधावर उभं राहून पाहिली, आणि रांगेतल्या निम्म्या बायका दुसऱ्या म्होरकीकडे गेल्या. वनिता एकदा अंधार पडताना तिच्या दारात पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा ठेवून गेली, आत आली नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं, लाखांदूरच्या स्टँडवरचं. जनी पाणी आणायला गेली होती. माझी पवनीची गाडी लागत होती. जनीला शब्द दिला होता, सोमवार झाला की सांगेन. मी सांगितलं. तंबू, सुतळीचा पट्टा, लोंबणारी मिशी, सगळं. तुझ्या आईचं ऐकणारा पोलीस नव्हताच, नंदा. मी मूर्ख होते, आणि त्या मूर्खपणावर विसंबून तू गेलीस.

नंदा बाकावर तो हात मांडीवर ठेवून बसली होती. गाडीचं दार उघडलं, लोक चढू लागले. तिने माझी पिशवी उचलून माझ्या खांद्याला अडकवली आणि म्हणाली:

"मले मालूम होतं वो मावशी. म्हातारा लेकीकडे राहाले आला, तवाच त्यानं सांगतलं मले. आईले बोलली नाही, तिले ती गोष्ट सांगताना बरं वाटे. मी म्हटलं, खोट्या फौजदारानं बस म्हटलं, समदं ऐकलं. मंग खऱ्यानं काहून नाही ऐकावं?"